बंपर खोलायच्या आधीच मिटवलेला हिशेब : एका छोट्या धडकेचं पूर्ण प्रकरण

ही गोष्ट आमच्याच सोसायटीतली आहे, कोथरूडला, ऑक्टोबर २०२४ मधली. ज्यांच्या गाड्या एकमेकींना लागल्या ती दोन्ही घरं आजही एकाच जिन्याने वर-खाली करतात म्हणून नावं आणि गाडीचं मॉडेल लिहीत नाही, आकडे मात्र खरे आहेत, कारण तेव्हा सगळे कागद माझ्याच हातून गेले होते. ज्यांच्या गाडीला लागलं त्या शेजारच्या काकांच्या इन्शुरन्सचं रिन्यूअल दरवर्षी मी बघते, त्यामुळे धडक झाल्यावर पहिला फोन मलाच आला.

पार्श्वभूमी

काका तळमजल्यावर राहतात, रिटायर्ड शिक्षक, वय सत्तरच्या आसपास. गाडी डिसेंबर २०१८ मध्ये घेतलेली पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसीची, रंग सिल्व्हर. वापर अगदी कमी, महिन्यातून दोनदा-तीनदा मंडई, कधी मुलीकडे चिंचवडला, आणि वर्षातून एकदा गावाला. घेतल्यापासून एकही क्लेम नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) पूर्ण ५० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकतो तेवढा. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी, पण झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा कापू न देणारं जादा कव्हर, नव्हतं. आधी होतं, गाडीला पाच वर्षं झाल्यावर कंपनीने ते द्यायचं बंद केलं आणि आम्हीही दुसरीकडे चौकशी केली नाही. ही झिरो डेपची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

काय झालं

संध्याकाळी सातची वेळ. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा, कॉलेजला आहे, वडिलांची एसयूव्ही रिव्हर्स घेत होता आणि समोरच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या काकांच्या गाडीला डाव्या पुढच्या कोपऱ्यावर लागली. स्पीड काहीच नव्हता पण एसयूव्ही उंच, तिचा मागचा कोपरा काकांच्या बंपरच्या वरच्या बाजूला टेकला आणि तसाच खाली दाबत गेला. आवाज ऐकून आम्ही दोघं-तिघं खाली आलो. बंपरला फॉग लॅम्पच्या कव्हरपासून चाकाच्या कमानीपर्यंत वीतभर तडा गेला होता, आणि डावं टोक फेंडरपासून सुटून बोटभर बाहेर आलं होतं. हेडलॅम्पची काच शाबूत, लाइट लागत होता.

मुलगा घाबरला होता पण पळाला नाही, स्वतः जाऊन काकांची बेल वाजवली, हे सांगायलाच हवं. त्याचे वडील खाली आले, माफी मागितली, "काका, जो काही खर्च असेल तो आम्ही देतो" म्हणाले आणि तिथल्या तिथे तीन हजार रुपये काकांच्या हातात ठेवले. काका संकोची स्वभावाचे, शेजारधर्माचा प्रश्न, ते म्हणाले, "अहो एवढे कशाला, पोराला रागावू नका, मिटलं आता." दहा मिनिटांत सगळं संपलं. फोटो कोणी काढले नाहीत आणि दोन्ही गाड्या हलवल्याही गेल्या.

मी तिथेच उभी होते आणि मलाही ते तेव्हा बरोबर वाटलं. बाहेरून जे दिसत होतं त्याला तीन हजार पुरतील असंच वाटत होतं.

अडचण नक्की काय होती

वरवर बघता प्रश्न एवढाच की बंपर दुरुस्त करायचा की नवा टाकायचा. पण त्याच्यात तीन प्रश्न गुंतलेले होते, खर्च किती, तो कोणी करायचा, आणि इन्शुरन्सला मध्ये घ्यायचं का. आणि तिन्हींचं उत्तर बंपरच्या मागे काय तुटलंय त्यावर अवलंबून होतं, जे कोणी बघितलंच नव्हतं.

आपण ज्याला बंपर म्हणतो ते नुसतं बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण असतं. ते क्लिपांवर आणि बाजूच्या ब्रॅकेटवर अडकवलेलं असतं, मागे लोखंडी आडवी बार असते, हॉर्न असतो, आणि हेडलॅम्पचे पकडायचे कान त्याच भागात येतात. प्लॅस्टिक लवचिक असल्यामुळे ते आत दाबलं जातं, मागचं काहीतरी मोडतं आणि प्लॅस्टिक परत आपल्या जागेवर येतं. त्यामुळे बाहेरून नुकसान बऱ्याचदा कमीच दिसतं.

समोर आलेले पर्याय

काकांचा स्वतःचा पर्याय पहिला, काहीच करू नये, केबल टाय लावून ठेवावा. मी याला सरळ नाही म्हटलं. सुटलेलं टोक हायवेवर वाऱ्याने फडफडतं, उरलेल्या क्लिपा तुटतात, आणि एखाद्या स्पीड ब्रेकरवर अख्खा बंपर चाकाखाली येऊ शकतो.

दुसरा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नवा बंपर. दुसऱ्या दिवशी मी आणि काका गाडी घेऊन गेलो. सल्लागाराने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एस्टिमेट दिलं : बंपर ३६००, खालची जाळी ८५०, फॉग लॅम्प कव्हर ४२०, क्लिपा वगैरे ५१०, पेंट टॅक्स धरून ५३१०, काढ-घाल मजुरी १०६२. एकूण ११,७५२ रुपये. नवा बंपर बहुतेक वेळा बिनरंगाचा, काळा किंवा प्रायमर मारलेला येतो, त्यामुळे पार्टच्या किमतीपेक्षा रंगाचा खर्च जास्त होतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ऑनलाइन बंपरची किंमत साडेतीन हजार बघून माणूस खुश होतो आणि बिल बारा हजारांचं येतं. सल्लागार पुढे म्हणाला, "क्लेम टाका ना काका, तुम्हाला विशेष काही भरावं लागणार नाही." तिथे मी थांबवलं, त्याचा हिशेब खाली देते.

तिसरा, नाना पेठेतून (पुण्यातला गाड्यांच्या पार्टचा बाजार) कंपनीचा नसलेला बंपर आणायचा. तिथे फोनवर १६०० रुपये सांगितले. पण असले बंपर कधी कधी फेंडरच्या रेषेला नीट बसत नाहीत, एका बाजूला फट राहते, आणि रंग तर तरीही मारावाच लागतो. रंगाचा खर्च चुकत नसेल तर पार्टमध्ये वाचवून फारसं हाती लागत नाही. स्क्रॅपमधला त्याच रंगाचा मूळ बंपर मिळाला असता तर मी तो नक्की घेतला असता, पण मिळाला नाही.

चौथा, आहे तोच बंपर वेल्डिंग करून, रंग मारून परत बसवायचा. वारज्याच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याने, गाडी बघून, ४३०० सांगितले : वेल्डिंग १२००, रंग २८००, क्लिपा ३००. आणि एक वाक्य बोलला, "ताई, हे वरवरचं बोलतोय, खोलल्यावर काय निघेल ते तेव्हा." सर्व्हिस सेंटरमध्ये हे कोणी बोललं नव्हतं.

आणखी एक सल्ला शेजारून आला, पुढे स्टीलचा गार्ड बसवून टाका म्हणजे परत कटकट नको. असले क्रॅश गार्ड किंवा बुल बार बसवायला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली आहे. दंडाचं सोडा, पण धडकेचा जोर गाडीच्या पुढच्या भागाने शोषून घ्यायचा असतो तो या गार्डमुळे थेट चॅसीला जातो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं, आणि पायी चालणाऱ्याला लागला तर त्याचे पाय जातात. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तो विषयच बंद केला.

निर्णयाची पहिली जागा : क्लेम करायचा का

त्या रात्री काकांच्या डायनिंग टेबलवर बसून मी कागदावर हिशेब मांडला, काकू बाजूला भाजी निवडत ऐकत होत्या.

झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी कितीही नवी असो. म्हणजे पार्टच्या ५३८० पैकी २६९० मिळणार. रंगाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे ५३१० मधले ६६४ गेले, ४६४६ मिळणार. मजुरी १०६२ पूर्ण. बेरीज ८३९८. त्यातून सक्तीची वजावट १०००, जी १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये आपणच भरायची असते. हातात येणार ७३९८, खिशातून जाणार ४३५४.

इथपर्यंत वाचून वाटतं की बरं आहे की, बारा हजारांचं काम साडेचार हजारांत. पण क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला बोनस ५० वरून थेट शून्यावर येतो, आणि मग वर चढायला २०, २५, ३५, ४५, ५० अशी पाच वर्षं लागतात. काकांचा ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या कव्हरचा, प्रीमियम बोनस वजा करायच्या आधी ७००० च्या आसपास होता. म्हणजे पहिल्या वर्षी तोटा ५० टक्क्यांचा, मग ३०, २५, १५ आणि ५ टक्क्यांचा. गाडीची आयडीव्ही, म्हणजे इन्शुरन्ससाठी धरलेली किंमत, दरवर्षी उतरते म्हणून मी प्रीमियमही दरवर्षी १० टक्के कमी धरला, वर १८ टक्के जीएसटी, तर एकूण ९२०० च्या आसपास जास्तीचे भरावे लागणार होते. काका म्हणाले, "मी अजून तीन वर्षं चालवीन फार तर." तीनच वर्षं धरली तरी आठ हजार होत होते.

७३९८ घ्यायचे आणि आठ-नऊ हजार परत द्यायचे. काकूंनी भाजी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मग यात आपला फायदा काय?" क्लेम नाही करायचा हे तिथेच ठरलं.

शेजाऱ्यांच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून घ्यावं का हेही निघालं होतं. थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं हे खरं आहे, पण तो दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करावा लागतो, आणि पाच-दहा हजारांच्या बंपरसाठी ट्रिब्युनलच्या तारखा कोण घेणार, तेही तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाविरुद्ध.

निर्णयाची दुसरी जागा : दुरुस्ती की नवा

हे वारज्याच्या त्या पेंटरच्या गॅरेजमध्ये ठरलं. मी काकांबरोबर मुद्दाम थांबले. गॅरेजमधल्या पोराने चाकाच्या कमानीतले स्क्रू काढले, वरच्या क्लिपा उचकटल्या आणि दोघांनी मिळून बंपर पुढे ओढून जमिनीवर पालथा घातला. आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्येच उठावाची अक्षरं होती, पीपी आणि ईपीडीएम. पेंटरने त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "पीपी आहे, वितळून जोडता येतं, काम होईल."

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक आणि ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर. पीपी गरम केलं की मऊ होतं, म्हणून त्याच जातीची काडी वितळवून तडा भरता येतो. पण हेच प्लॅस्टिक नुसत्या गोंदाला किंवा फायबरच्या लेपाला धरत नाही. घाईचं काम करणारे मागून फायबर आणि पुढून पुट्टी मारून देतात, दोन महिन्यांत पापुद्रा सुटतो.

तडा कुठे आहे हेही बघायचं असतं. सपाट भागावर किंवा कडेला असेल तर दुरुस्ती चांगली होते, पण क्लिपा अडकवायचे कान तीन-चार तुटले असतील किंवा तुकडाच गायब असेल तर नवाच टाकावा, कारण दुरुस्त केलेले कान फारसा भार घेत नाहीत. इथे कान एकच तुटला होता, म्हणून दुरुस्ती.

पण बंपर निघाल्यावर जे दिसलं त्याने सगळ्यांचे चेहरे उतरले. डाव्या हेडलॅम्पचा खालचा कान मुळापासून मोडलेला, लॅम्प हाताने हलवला की डुलत होता. बाजूचा ब्रॅकेट दोन तुकडे. हॉर्नची पट्टी वाकलेली, ती त्याने तिथेच पक्कडीने सरळ केली, पैसे नाही घेतले. लोखंडी बार ठीक होती.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर नवा हेडलॅम्प ४६०० आणि ब्रॅकेट ४८०, म्हणजे त्यांचं एस्टिमेट आता १६,८३२ वर गेलं. मी तिथेच उभं राहून क्लेमचं गणित परत केलं. हेडलॅम्पही प्लॅस्टिकचा, म्हणून अर्धे धरले, क्लेमची रक्कम ९९३८ होत होती, म्हणजे बोनसच्या नऊ हजारांच्या थोडी वर. आदल्या रात्री स्पष्ट नाही असलेलं उत्तर आता काठावर आलं होतं. अजून काम सुरू झालं नव्हतं, क्लेम करायचा असता तर गाडी तशीच ठेवून कंपनीला कळवणं शक्य होतं, कारण कंपनीच्या माणसाने गाडी बघून सर्व्हे करायच्या आधी दुरुस्ती केली की क्लेम गेलाच.

शेवटी पेंटरच्या उत्तराने ठरलं. तो म्हणाला लॅम्पची काच आणि रिफ्लेक्टर चांगला आहे, पाणी शिरलेलं नाही, फक्त कान आहे, तो जोडून मागून पट्टी देतो, ६०० घेईन. ब्रॅकेट नाना पेठेतून २८० ला मागवला. एकूण ५१८०. सोळा हजारांचा रस्ता गरजेचाच नव्हता, त्यामुळे क्लेमही नको.

काम कसं झालं

तीन दिवस लागले. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मागच्या बाजूने गरम स्टेपलरने नागमोडी पिना प्लॅस्टिकमध्ये बुडवल्या, मग तड्याची खाच करून त्यात काडी वितळवून भरली. घासून झाल्यावर प्लॅस्टिक प्रायमर, मग लवचिक पुट्टी, वॉटर पेपर, परत प्रायमर, मग सिल्व्हरचा बेस कोट आणि वर क्लिअर.

सिल्व्हर हा जुळवायला सगळ्यात त्रासदायक रंगांपैकी एक. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, पण सहा वर्षांच्या उन्हाने मूळ रंग बदललेला असतो आणि त्यातले धातूचे कण फवारा कसा बसला त्याप्रमाणे गडद-फिके दिसतात. पेंटरने एका पत्र्याच्या तुकड्यावर फवारून तो फेंडरला लावून उन्हात धरला, मान हलवली, दोन थेंब काळा घातला, परत फवारला. असं तीन वेळा केलं. मी ते बघितलं म्हणून मला २८०० जास्त वाटले नाहीत.

शेवटी काय झालं

बिल ५१८०, शेजाऱ्यांनी दिलेले ३०००, काकांच्या खिशातून २१८०. डिसेंबरमध्ये पॉलिसी ५० टक्के बोनससकट रिन्यू झाली.

काकांनी वरचे पैसे मागितले नाहीत. मी दोनदा म्हटलं, हेडलॅम्पचा गॅरेजमधला फोटो आहे, मी दाखवते त्यांना, ते नाही म्हणणार नाहीत. काकांचं उत्तर एकच, "मी मिटलं म्हणालोय ना." मला हे अजूनही पटत नाही. त्या घराची द्यायची तयारी होती, त्यांनी "जो काही खर्च असेल तो" असंच म्हटलं होतं, आणि मुलानेही नंतर मला जिन्यात विचारलं होतं, काकांची गाडी झाली का नीट. पैसे नव्हते म्हणून किंवा मन नव्हतं म्हणून नाही, तर आकडा चुकीच्या वेळी ठरला म्हणून काकांना भुर्दंड पडला.

कामाबद्दल बोलायचं तर वेल्डिंग टिकलं आहे. मे २०२५ मध्ये एसीच्या कामासाठी बंपर परत काढावा लागला तेव्हा मागून बघितलं, पिना आणि जोड जशास तसे. हेडलॅम्प डुलत नाही. दुपारच्या उन्हात तिरकं बघितलं तर फॉग लॅम्पखाली एक केसासारखी रेष दिसते आणि बंपर फेंडरपेक्षा किंचित उजळ वाटतो. विकायला काढली तर घेणारा बोट ठेवेल.

काय वेगळं करता आलं असतं

गाड्या हलवायच्या आधी चार फोटो. भांडण नव्हतं तरी, कारण नंतर हेडलॅम्पचा कान याच धडकेत तुटला हे दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

पैसे त्या संध्याकाळी घ्यायलाच नको होते, आणि घेतले तर ॲडव्हान्स म्हणून. मी तिथे होते, मला बोलता आलं असतं की "आधी गॅरेजमध्ये खोलून बघू, बिल आलं की तुम्हाला व्हॉट्सॲप करते, मग द्या." यात कोणाचा अपमान नव्हता. समोरच्यालाही हेच बरं, त्याला आकड्यावर विश्वास बसतो.

सर्व्हिस सेंटरला मी विचारायला हवं होतं की बंपर उतरवून एस्टिमेट द्याल का, खोल-बंदची मजुरी लागली तरी चालेल. क्लेमचा निर्णय पहिल्या रात्री घेतला तो अर्धवट माहितीवर होता, आणि लॅम्पची काच फुटली असती तर तो चुकीचाही ठरला असता.

झिरो डेप असतं तर उत्तर बदललं असतं का? याच बिलात, पहिल्या एस्टिमेटवर, ११,७५२ मधून फक्त वजावटीचा हजार जाऊन १०,७५२ मिळाले असते, बोनसचा तोटा नऊ हजार, म्हणजे फायदा जेमतेम. पुढे रडार किंवा पार्किंग सेन्सर असलेली, एलईडी हेडलॅम्पची गाडी असेल तर मात्र बहुतेक वेळा क्लेमच परवडतो, आणि तिथे पुट्टीचं काम गल्लीत करूही नये, सेन्सरवर रंगाचा जाड थर बसला तर तो चुकीचं वाचतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. काकांच्या बंपरची ३६०० ही टॅक्स धरून किंमत होती, मूळ किंमत तीच धरली तर आज ती ३३२० च्या आसपास बसेल. रंगाच्या मजुरीवर तेव्हाही १८ टक्केच होता, त्यामुळे बिलाचा मोठा भाग जिथल्या तिथे आहे.